‘पित्त उठलंय’ म्हणण्याआधी : शाळा आणि अन्नाची ॲलर्जी

शाळा सुरू झाल्यापासून या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच विषयावरची होती, म्हणून या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे आणि गावे छापलेली नाहीत. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका शाळेत सहावीची वर्गशिक्षिका आहे. जुलै महिन्यात मधल्या सुट्टीत एका मुलाने मित्राच्या डब्यातली जवळ्याची चटणी भाकरीबरोबर खाल्ली. दहा-पंधरा मिनिटांत त्याच्या मानेवर आणि हातांवर गांधी उठल्या, पोट दुखते असे तो म्हणू लागला आणि त्याला एक उलटी झाली. पित्त उठले असे समजून आम्ही आमसुले भिजवून ते पाणी त्याच्या अंगाला चोळले, खाजेची एक गोळी दिली आणि घर जवळच असल्यामुळे दोन मुलांच्या सोबतीने त्याला चालत घरी पाठवले. वाटेत तो खोकू लागला, त्याचा आवाज बसला आणि घराच्या पायरीशी तो कोसळला. शेजाऱ्यांची रिक्षा दारात होती आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर हजर होते, म्हणून मूल वाचले. आमचे नेमके काय चुकले आणि पुढच्या वेळी हे ओळखायचे कसे?

उत्तर : बाई, आपण हे पत्र लिहिलेत याबद्दल प्रथम आभार, कारण अशा घटना आपल्याकडे ‘देवाने राखले’ एवढे म्हणून मिटवल्या जातात. त्या मुलाला जे झाले त्याला वैद्यकात ॲनाफिलॅक्सिस म्हणतात, म्हणजे सर्व शरीराला एकाच वेळी व्यापणारी तीव्र ॲलर्जी. आपली निम्मी चूक माझ्या मते आपल्या भाषेतल्या एका शब्दाची आहे. आपण छातीत जळजळले तरी पित्त म्हणतो, डोके दुखून उलटी झाली तरी पित्त म्हणतो आणि अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच म्हणतो. एकदा हा शब्द उच्चारला की आमसूल, थंड पाणी आणि ‘जरा पडून राहा’ हे उपाय आपोआप सुचतात. आमसुलाने अपाय काहीच होत नाही. पण ते भिजवण्यात, चोळण्यात आणि गुण येतो का ते पाहण्यात जी दहा-पंधरा मिनिटे जातात, तीच या आजारात मोलाची असतात.

ओळखण्याची खूण अशी ठेवावी. काही खाल्ल्यानंतर काही मिनिटांपासून साधारण दोन तासांपर्यंतच्या काळात त्वचेवर काही दिसू लागले, म्हणजे गांधी, लाली, खाज, ओठ किंवा पापण्या सुजणे, आणि त्याच्या जोडीला शरीराच्या दुसऱ्या एखाद्या भागाची तक्रार सुरू झाली, तर ते पित्त नव्हे. ही दुसरी तक्रार श्वासाची असू शकते : सततचा खोकला, घोगरा आवाज, छातीतून सूं सूं आवाज, गिळायला त्रास. ती पोटाची असू शकते : जोराची कळ, वारंवार उलटी. ती रक्ताभिसरणाची असू शकते : चक्कर, चेहरा पांढराफटक पडणे, हातपाय गार पडणे, मूल एकाएकी मलूल होणे. आपल्या विद्यार्थ्याला गांधी उठल्या होत्या आणि पोटात कळ येऊन उलटीही झाली होती; म्हणजे इशारा वर्गातच मिळाला होता, तो उलटीच्या रूपात आल्यामुळे आपल्याला अपचनाचा वाटला.

याची एक अवघड बाजूही सांगतो. सुमारे १० ते २० टक्के रुग्णांत त्वचेवर काहीच दिसत नाही. त्यामुळे ज्या मुलाला एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असल्याचे आधीच ठाऊक आहे, त्याने तो पदार्थ खाल्ल्यावर नुसती धाप लागली किंवा नुसती भोवळ आली, तरी गांधींची वाट पाहू नये. लहान मुले तर ‘श्वास लागतो’ असे म्हणतच नाहीत. ती जीभ खाजवतात, ‘घशात काहीतरी अडकलंय’ म्हणतात, किंवा एरवी दंगा करणारे मूल कोपऱ्यात गप्प बसून राहते.

आता सर्वांत गंभीर चुकीविषयी लिहितो, आणि ती चालत पाठवण्याची आहे. या आजारात रक्तवाहिन्या सैल पडतात आणि त्यांतला द्रव बाहेर झिरपतो. अशा वेळी मूल उभे राहिले किंवा चालू लागले की उरलेले रक्त पायांकडे उतरते आणि हृदयाकडे परत येणारे रक्त एकदम कमी होते. अशा रुग्णांचे मृत्यू एकाएकी उठून बसण्याने किंवा उभे राहण्याने घडल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. म्हणून मुलाला जागच्या जागी उताणे निजवावे आणि पाय उंच ठेवावेत. श्वास लागत असेल तर पाय पसरून टेकून बसू द्यावे. उलट्या होत असतील किंवा शुद्ध हरपली असेल तर कुशीवर वळवावे. गाडीपर्यंतसुद्धा त्याला चालवू नये, उचलून आडवेच न्यावे. आणि सोबत मोठे माणूस हवे, दोन मुले नव्हेत.

गोळीबद्दलही स्पष्ट सांगतो. खाजेची गोळी खाज आणि गांधी कमी करते, तीही बऱ्याच वेळाने. सुजलेला घसा ती उघडत नाही आणि घसरलेला रक्तदाब वर आणत नाही. ते काम मांडीच्या बाहेरच्या बाजूला मध्यभागी स्नायूत दिलेले ॲड्रेनालिन करते, आणि ॲनाफिलॅक्सिसवर पहिले औषध तेच. उमेदीच्या काळात मी स्वतः एका मुलीला आधी खाजेचे आणि मग स्टेरॉइडचे इंजेक्शन देऊन गुण येण्याची वाट पाहत बसलो होतो. एका वरिष्ठ परिचारिकेने ‘डॉक्टर, ॲड्रेनालिन भरू का?’ असे विचारले म्हणून ती मुलगी वाचली. त्यामुळे आपल्या चुकीला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. ब्रिटनमधल्या प्राणघातक प्रसंगांच्या एका अभ्यासात अन्नाच्या ॲलर्जीमध्ये हृदय किंवा श्वास बंद पडेपर्यंतचा मध्यम काळ ३० मिनिटांचा आढळला होता. आपली मधली सुट्टी साधारण तेवढीच असते.

इंजेक्शनने मूल खडखडीत दिसू लागले तरी त्याला लगेच घरी आणू नये. काही रुग्णांत काही तासांनी तोच प्रकार पुन्हा उसळतो, म्हणून निदान चार ते सहा तास, आणि पहिला झटका जबर असेल तर त्याहून अधिक काळ, देखरेखीखाली ठेवावे लागते.

जवळा, कोळंबी, सोडे, कुर्ल्या या सर्वांत ट्रोपोमायोसिन नावाचे प्रथिन असते आणि ते शिजवून, भाजून किंवा वाळवून नष्ट होत नाही. काहींना तर कोळंबी शिजताना उठणाऱ्या वाफेनेही धाप लागते. १ जूनपासून मासेमारी बंद असते आणि जूनच्या मध्याला शाळा उघडते, त्यामुळे पावसाळ्याच्या पहिल्या महिन्यांत डब्यात ताज्या मासळीऐवजी सुकट आणि जवळा येतो, तोही चटणीच्या भुकटीत ओळखू न येणाऱ्या रूपात. वर्गात हे बोलून ठेवावे. त्या मुलाला दमा आहे का तेही पालकांना विचारावे, कारण दमा आटोक्यात नसेल तर असा झटका अधिक घातक ठरतो.

जाता जाता एक गोष्ट. ॲनाफिलॅक्सिस हा शब्द १९०२ साली शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी रूढ केला, तो समुद्री जीवांच्या विषावर प्रयोग करताना, आणि त्या प्रयोगांची सुरुवात मोनॅकोच्या राजाच्या जहाजावर झाली होती. रिशे यांना १९१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या आजाराच्या नावाचे मूळच समुद्रावर आहे; किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्याला ते परके वाटण्याचे कारण नाही.

प्रश्न : डॉक्टरसाहेब, नमस्कार. मी वेंगुर्ल्याकडच्या एका काजू कारखान्यात काजू सोलण्याचे काम करते. चीक लागून माझ्या हातांची सालपटे निघतात. माझ्या चौथीतल्या मुलीला मात्र काजू खाल्ल्यावर ओठ सुजून उलट्या होतात; दोनदा झाले. शाळेत सांगितले तर एक गुरुजी म्हणाले, आईला चिकाची ॲलर्जी आहे तीच मुलीला आली, थोडे थोडे खायला देत गेले की सवय होईल. हे खरे आहे का? सगळ्या पदार्थांची रक्ततपासणी करून घेऊ का?

उत्तर : ताई, या दोन गोष्टी पूर्णपणे वेगळ्या आहेत. काजूच्या टरफलातले तेल दाहक असते. ते लागल्यावर कातडी भाजल्यासारखी होते किंवा तिथे एक-दोन दिवसांनी पुरळ येते. हा त्रास जिथे चीक लागला तिथेच राहतो. हातमोजे आणि कामाआधी हाताला लावलेले तेल यांनी तो बराच कमी होतो. आपल्या मुलीला होणारा त्रास आतल्या गरातल्या प्रथिनामुळे होतो, तो काही मिनिटांत सर्व शरीरात पसरू शकतो आणि त्यात जिवाला धोका असतो. तो तिला आपल्या हातांवरून मिळालेला नाही. एवढे मात्र करावे की कामावरून आल्यावर साबणाने हात धुऊन आणि कपडे बदलूनच तिला जवळ घ्यावे.

‘थोडे थोडे देऊन सवय’ हा सल्ला कृपया कोणीही अमलात आणू नये. अशी उपचारपद्धती आहे, पण ती ॲलर्जीतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, मोजून मापून आणि आणीबाणीची तयारी ठेवूनच केली जाते. शाळेच्या पडवीत नव्हे. काजूची तीव्र ॲलर्जी असलेल्यांना पुष्कळदा पिस्त्याचाही त्रास होतो, कारण दोन्हींची प्रथिने सारखी आहेत, म्हणून पिस्ताही टाळावा. आपल्या भागात काजू कुठे नसतो? फाल्गुन-चैत्रातली ओल्या काजूची उसळ डोळ्यांना दिसते तरी. पण वाटणात घातलेली काजूची पेस्ट, गणपतीतले पंचखाद्य, वाढदिवसाला वर्गात वाटलेली बर्फी आणि चॉकलेटे यांत तो लपलेला असतो. पाकिटबंद पदार्थांवर शेंगदाणे आणि सुक्या मेव्यासह ठरावीक ॲलर्जीकारक घटक छापणे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी बंधनकारक केले आहे, तेव्हा मुलीला पाकीट वाचायला शिकवावे. सुटी मिठाई तिने शाळेत घेऊच नये.

रक्ततपासणी डॉक्टरांनी मुलीची हकिकत ऐकून जेवढी सांगितली तेवढीच करावी. ‘शंभर पदार्थांची ॲलर्जी एकाच थेंबात’ अशा जाहिरातींना भुलू नये. तपासणीत आकडा वाढलेला दिसला म्हणजे ॲलर्जी असतेच असे नाही, आणि अशा कागदांवरून दूध, अंडी, डाळी बंद केलेली कुपोषित मुले मी पाहिली आहेत.

प्रश्न : महोदय, मी एका माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक आहे. सहलीत दुपारी एका खानावळीत बांगड्याचे जेवण झाले आणि तासाभरात नऊ मुलांचे चेहरे लालबुंद झाले, डोकी ठणकू लागली, दोघांना उलट्या झाल्या. रुग्णालयात ‘ॲलर्जी’ असे लिहून दिले. ही सर्व मुले लहानपणापासून बांगडा खातात. एकदम नऊ जणांना ॲलर्जी कशी होईल?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. एका पंगतीत बसलेल्या अनेकांना एकाच वेळी असे झाले, तर ॲलर्जीपेक्षा मासळीतून झालेल्या हिस्टामिनच्या विषबाधेचा विचार आधी करावा. बांगडा, सुरमई, कुपा, तारली यांसारख्या मासळीच्या मांसात हिस्टिडीन नावाचा प्रथिनांचा एक घटक भरपूर असतो. मासळी पकडल्यापासून बर्फात राहिली नाही तर जिवाणू त्याचे हिस्टामिन करतात, आणि ॲलर्जीत आपले शरीर सोडते तेही हिस्टामिनच, म्हणून लक्षणे हुबेहूब जुळतात. एकदा तयार झालेले हिस्टामिन तळून, शिजवून किंवा पुन्हा बर्फात ठेवून जात नाही. मासळीला वास येतोच असेही नाही. काही जण तिखट, मिऱ्यासारखी झणझणीत चव लागल्याचे सांगतात.

बहुतेकांना यात काही तासांत आराम पडतो आणि खाजेच्या औषधाचा चांगला उपयोग होतो. परंतु कोणाला धाप लागली, चक्कर आली किंवा घसा सुजला, तर हे विष की ॲलर्जी हा काथ्याकूट तिथे करू नये. उपचार तीव्र ॲलर्जीसारखेच करून घ्यावेत आणि निदान मागाहून होऊ द्यावे. त्या नऊ मुलांच्या दाखल्यांवर मात्र ‘मासळीची ॲलर्जी’ असा कायमचा शिक्का बसू देऊ नका. डॉक्टरांकडून एकदा तपासून घ्या. बांगड्यावर जगणाऱ्या घरात तो शिक्का फार महाग पडतो.

प्रश्न : आमच्या शाळा व्यवस्थापन समितीत दोन मते आहेत. काही पालक म्हणतात, शाळेत ॲड्रेनालिन ठेवावे. काही म्हणतात, शिक्षकांनी सुईला हात लावू नये. शाळा खाडीपलीकडे आहे आणि खाडी ओलांडणारी तर (होडी) चुकली की तासभर खोळंबा होतो. काय करावे?

उत्तर : आपल्या शाळेचे अंतर पाहता नुसते ‘डॉक्टरांकडे नेऊ’ हे उत्तर पुरेसे नाही. परदेशांत मांडीवर दाबताच ठरलेली मात्रा देणारे पेनासारखे साधन वापरतात. ब्रिटनमध्ये २०१७ पासून शाळांना असे राखीव साधन ठेवता येते, आणि अमेरिकेत २०२४ साली नाकात फवारण्याच्या ॲड्रेनालिनलाही मंजुरी मिळाली. आपल्याकडच्या तालुक्याच्या औषधदुकानात ही साधने सहसा मिळत नाहीत. मिळते ती स्वस्त काचेची कुपी, जी फोडून सिरिंजमध्ये मोजून भरावी लागते, आणि घाबरलेल्या हातांनी हे करणे सोपे नसते.

म्हणून माझे मत असे की निदान झालेल्या मुलाच्या डॉक्टरांनी त्याच्या वजनाप्रमाणे मात्रा लेखी ठरवून द्यावी. सर्वसाधारण हिशेब दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम असा आहे, म्हणजे २० किलोच्या मुलाला १ मिलीत १ मिलिग्रॅम असलेल्या औषधाचे ०.२ मिली. पालकांच्या लेखी संमतीने, तयारी असलेल्या दोन शिक्षकांनी ते देण्याचे शिक्षण त्याच डॉक्टरांकडून हातात सिरिंज धरून घ्यावे. सक्ती कोणावर करू नये. पण ‘हात लावू नये’ असा ठरावही करू नये. गुण न आल्यास पाच ते पंधरा मिनिटांनी दुसरी मात्रा लागू शकते, म्हणून कुप्या दोन असाव्यात. औषध उन्हाने आणि उष्णतेने बिघडते. पत्र्याखालच्या लोखंडी कपाटात ते ठेवू नका, कुलूपबंद तर मुळीच नको. रंग पिवळसर किंवा तपकिरी झाला, अथवा मुदत संपली, की बदलावे.

इंजेक्शनाहूनही आधी कामांची वाटणी करावी : मुलापाशी कोण थांबेल, १०८ ला कोण फोन करील, औषध कोण आणील आणि रुग्णवाहिकेला वाट दाखवायला रस्त्यावर कोण उभे राहील. आपल्या शाळेत फोनला रेंज कुठे मिळते तेही भिंतीवर लिहा. कोकणातल्या घळीत हा प्रश्न चेष्टेचा नाही. तरीवाल्यांना बोलावून सांगून ठेवा की शाळेतून निरोप आला तर वेळापत्रक पाहायचे नाही. पलीकडच्या आरोग्य केंद्रात ॲड्रेनालिन आहे का आणि दुपारी कोण असते, हे समितीच्या एका सदस्याने प्रत्यक्ष जाऊन पाहून यावे.

पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना बैठकीला बोलावल्याचे आपल्या पत्रात दिसत नाही. कोणत्या मुलाला काय चालत नाही हे त्यांना सर्वांत आधी कळले पाहिजे, कारण एकच पळी दोन पातेल्यांत फिरली की सगळी खबरदारी वाया जाते. प्रवेशाच्या वेळी ‘ॲलर्जी आहे का?’ एवढेच विचारले की पालक ‘नाही’ म्हणतात. ‘काही खाल्ल्यावर दोन तासांच्या आत कधी ओठ सुजले, गांधी उठल्या, उलट्या झाल्या किंवा धाप लागली का?’ असे विचारून पाहा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते त्या दिवशी ही यादी त्यांच्यापुढे ठेवावी.

प्रश्न : डॉक्टरकाका, मी सातवीत आहे. मला कोळंबी चालत नाही. म्हणून मला डबा खाताना व्हरांड्यात एकटीला बसवतात. दोन मुले मुद्दाम कोळंबी माझ्या तोंडापाशी आणून हसतात. मी काय करू?

उत्तर : बाळा, तुला एकटीला बसवणे चूक आहे, आणि मी हे तुझ्या बाईंनाही वाचता यावे म्हणून इथे लिहितो आहे. तू वर्गात मैत्रिणींबरोबरच बसायचेस. शेजारी बसणाऱ्यांच्या डब्यात त्या दिवशी कोळंबी नसावी, कोणी कोणाचा डबा चाखू नये आणि जेवणानंतर सगळ्यांनी साबण लावून पाण्याने हात धुवावेत, एवढे पुरते. हाताला चोळायच्या जंतुनाशकाने ही प्रथिने निघत नाहीत, म्हणून साबण आणि पाणीच हवे. एकटे बसण्यात आणखी एक धोका आहे : तुला काही झाले तर ते कोणाला दिसणारच नाही.

त्या दोन मुलांची गोष्ट आजच आईबाबांना आणि बाईंना सांग. ही चहाडी नव्हे. बाई, हे वाचत असाल तर त्या मुलांना शिक्षा करण्याआधी या सदरातले पहिले पत्र वर्गात मोठ्याने वाचून दाखवा.

आणि तू स्वतः एक कर. तुझी जी सर्वांत जवळची मैत्रीण असेल तिला सांगून ठेव की तुझा आवाज बसला किंवा तू खोकत सुटलीस, तर तिने तुला एकटीला सोडून धावायचे नाही. ओरडून बाईंना बोलवायचे आणि तुला नळावर पाणी प्यायला उठू द्यायचे नाही.